नेरूरकरांचं सायप्रस

भर जुलैत, पहाटे पाचला, अंगात स्वेटर घालून, दोन्ही हातांत भरलेल्या बॅगा घेऊन जिना चढणारी दोन सुशिक्षित कुटुंबं तुम्ही कधी पाहिली आहेत? नाही ना? मग तुम्हाला नेरूरकर भाऊ माहीत नाहीत. त्यातलं एक कुटुंब आमचं होतं, हे सांगायला मला अजून लाज वाटते.

भाऊ कुवेतमधल्या रिग्गईत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. 'राहायचे' म्हटलं म्हणून लगेच चेहरा पाडू नका, माणूस ठणठणीत आहे. रिटायर होऊन कुडाळला गेलाय आणि तिथून रोज सकाळी मला फणसाचे फोटो पाठवतोय. पण वरून येणारा तो खणखणीत आवाज बंद झाला आणि आमची बिल्डिंग मुकी झाली. आता वर एक शांत जोडपं आलंय. इतकं शांत, की मला त्यांचा रागच येतो.

भाऊ एका सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होते. सगळी नोकरी लोकांची हाडं बघण्यात गेली, त्यामुळे नवीन माणूस भेटला की ते आधी त्याच्या खांद्यांकडे बघायचे. "डावा जरा उतरलाय. लहानपणी पडला होतास काय रे?" आणि तो माणूस पडलेला असायचाच. कोण नाही पडत लहानपणी? पण ऐकणारा चाट पडायचा. ग्रुप फोटो काढायची जबाबदारी त्यांच्याकडे कुणी दिली नव्हती, ती त्यांनी घेतली होती. आरती झाली, हळदीकुंकू झालं, की भाऊंचा हुकूम सुटायचा, "सगळ्यांनी मोठा श्वास घ्या... धरून ठेवा... हलायचं नाही..." आणि एवढं बोलून हा गृहस्थ सवयीने स्वतः दाराआड जायचा. फक्त मोबाईल धरलेला हात बाहेर. आमच्या कुवेतमधल्या सगळ्या सणांच्या फोटोंत अर्धं दार आहे आणि उरलेल्या अर्ध्यात गाल फुगवून उभी असलेली माणसं आहेत. माझ्या सासूबाईंनी नांदेडला ते फोटो बघून विचारलं, "तिकडं सगळ्यांना सूज का गं आलीय?"

आणि ऊन! उन्हाशी त्यांचं उभं वैर. इथल्या उन्हाशी कुणाचंच सख्य नाही म्हणा, पण भाऊंचं प्रकरण वेगळं होतं. सकाळी सहाला सगळे दवाखान्याच्या दाराजवळ गाडी लावायचे. भाऊ लावायचे पार त्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यापाशी, रणरणत्या मोकळ्या जागेत. का? तर दुपारी एकला तिथे सावली येते. "सावली आत्ता कुठे आहे हे कोणीही सांगेल गो वैशाली. सावली जाणार कुठे, ते कळायला हवं." शुवैखच्या गॅरेजमध्ये गाडीच्या काचा त्यांनी कायद्यात बसतील तितक्या काळ्या करून घेतल्या होत्या. घरात मेपासून ऑक्टोबरपर्यंत पडदे बंद. आमची ईरा एकदा वर जाऊन आली आणि म्हणाली, "मम्मी, दे लिव्ह लाइक व्हॅम्पायर्स."

अशा माणसाने भूमध्य समुद्रातल्या सूर्यप्रकाशाच्या बेटावर सुट्टीला जायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे काय, त्याला ठरवावं लागलं. अलकावहिनी, म्हणजे भाऊंच्या मिसेस, मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डच्या सिस्टर. बोलणं अगदी कमी. जे भाऊ तासभर बोलायचे, त्यावर त्या "हं" म्हणायच्या आणि विषय संपायचा. इतक्या वर्षांत त्यांची प्रत्येक उन्हाळी सुट्टी कुडाळलाच गेली. कधी पुतण्याचं लग्न, कधी घराची कौलं, कधी सासूबाईंचा मोतीबिंदू. एका शुक्रवारी आम्ही वर जेवायला होतो. भाऊ रिटायर झाल्यावर कुडाळला काय काय करणार हे रंगवून सांगत होते. गडग्याच्या भिंतीला रंग, विहिरीला पंप, एकत्र कुटुंबाचं मोठं स्वयंपाकघर. वहिनी सोलकढी वाढता वाढता थांबल्या.

"मी येईन कुडाळला," त्या म्हणाल्या. "जन्मभर राहीन. पण त्याआधी मला आठ दिवस सुट्टी हवी."

"मग? आपण दरवर्षी जातोच की."

"ती सुट्टी नाही हो. इथे मी सिस्टर, तिथे मी थोरली सून. मला आठ दिवस कुणाची कोणी नसायचंय. आमच्या वॉर्डच्या लेबनानी डॉक्टरीणबाई सायप्रसला जाऊन आल्या. जवळ आहे. समुद्र आहे. मला तिथे ने."

एवढं लांब वाक्य वहिनींच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. भाऊंचा घास हातातच राहिला. सप्टेंबरात ते रिटायर होणार होते, म्हणजे जायचं तर ह्याच उन्हाळ्यात, नाहीतर कधीच नाही. मला तर वाटलं आता हा माणूस हसण्यावारी नेणार. पण भाऊ ताठ बसले आणि म्हणाले, "ठरलं. वैशाली, संजय, तुम्हीसुद्धा येताय."

"आम्ही कशाला?" माझा नवरा म्हणाला.

"परक्या मुलखात चार माणसं हवीत रे आपली!"

झालं. त्या दिवसापासून दर शुक्रवारी वर सायप्रसची मीटिंग. भाऊंचं सगळं काम पेशंट तयार करावा तसं. अचानक काही होता कामा नये. त्यातूनच ती तालीम निघाली. विमान सकाळचं, म्हणून तालीम पहाटे. विमानात गार असतं, म्हणून स्वेटर. तिथली लिफ्ट बंद असली तर, म्हणून जिना. आम्ही चार मजले चढलो, उतरलो, परत चढलो. संजय घामाने निथळत मला म्हणत होता, "मी हे का करतोय, एवढं फक्त मला सांग." ईरा सगळं मोबाईलवर शूट करत होती आणि भाऊ वरच्या कठड्यावरून ओरडत होते, "बॅग पायाला घासू नका! उचला! हाडाला मार बसतो!"

खालून आमचा हारिस आला. हारिस म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मनाने फार हळवा. त्याने दोन कुटुंबं भरल्या बॅगांसह बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. "खलास, बाबा? इंडिया?" म्हणत त्याने भाऊंना मिठी मारली. डोळ्यांत पाणी. भाऊंना कुणी मिठी मारली की त्यांनाही भरून यायचं. तेही रडले. तालीम आहे, सुट्टीला जायचंय, हे त्याला अरबीत कसं सांगायचं ते आमच्यापैकी कुणालाच सुचेना. मग डोळे पुसून हारिसने विचारलं, "फ्रिज कुणाला देणार?"

आता इथे कायमचा परत जाणारा माणूस घरातलं सामान विकून जातो, हे सगळ्यांना माहीत. दुपारपर्यंत बातमी चार बिल्डिंगांत पोचली. वहिनी ड्युटीवर, आणि वर एकामागून एक माणसं सोफा बघायला. माणूस दारात आला की त्याला नाही म्हणणं भाऊंना आयुष्यात जमलं नव्हतं. संध्याकाळी वहिनी घरी आल्या तेव्हा सोफा गेला होता, डायनिंग टेबल गेलं होतं, आणि भाऊ रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून आम्हाला सांगत होते, "चांगली माणसं होती गो. नवीन लग्न झालेली. कसं नाही म्हणू?"

वहिनी "हं" म्हणाल्या. पुढचे दोन महिने नेरूरकर सतरंजीवर जेवले.

एवढं सगळं झालं, व्हिसा आला, तिकिटं आली, आणि जायला पंधरा दिवस उरले असताना कुडाळहून भाऊंच्या थोरल्या भावाचा, दादांचा फोन आला. पुतणीचा साखरपुडा ठरला होता. नेमका त्याच आठवड्यात. आम्ही मीटिंगलाच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. वहिनी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. त्या कपडे परत बाहेर काढत होत्या. चिडून नाही, आदळआपट नाही, रोजचं काम करावं तशा. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भाऊ त्या आवाजाकडे बघत बसले. फोनमधून दादा बोलतच होते, पानसुपारीचं, आचाऱ्याचं, कोण कोण येणार त्याचं.

"दादा," भाऊ म्हणाले, "आमका येवक जमूचा नाय."

"कित्याक रे?"

"आमका सायप्रसाक जावचा असा."

पलीकडून दादांचा घाबरलेला आवाज, "कोण वारला?"

"कोण वारूक नाय."

"मगे कोणाचा लगीन असा?"

"नाय रे."

"अरे, मगे थंय आपला असा तरी कोण?"

भाऊंनी आतल्या दाराकडे बघितलं आणि घसा खाकरला. "कोणच नाय दादा," ते म्हणाले. "कोणच नाय म्हणान जातंव."

आत चेन लावल्याचा आवाज आला. मी मान खाली घातली, कारण माझं नाक लाल होतं आणि ईरा बघत होती.

विमानतळावर मात्र भाऊ पुन्हा मूळ पदावर आले. आत जाण्याआधी गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते एक पाऊल टाकणार नव्हते. आमच्याकडे मराठवाड्यात ही पद्धत नाही. कोकणात एकाने देवाला हात जोडून मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी तितक्याच मोठ्याने री ओढायची. ट्रॉल्या गोल लावून भाऊंनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां दर्या ओलांडून सायप्रसाक चल्ली हत..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"त्येंच्या इमानाच्या पंखाक, चाकाक, पायलटाच्या नदरेक काय इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बॅगेतल्या सुकटीचो वास कोणाक म्हणान येवक देव नको रे म्हाराजा!"

सुकट वहिनींनी घरीच काढून ठेवली होती, पण त्याही "व्हय म्हाराजा" म्हणाल्या. शेजारी पांढरा पायघोळ दिशदाशा घातलेले एक वयस्कर कुवेती गृहस्थ थांबले होते. शब्द एकही कळला नसणार, पण भाव कळला असावा. त्यांनी दोन्ही तळवे वर केले आणि शेवटी जोरात "आमीन" म्हणाले. भाऊंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उजवा गुडघा दुखतो ना?" त्यांना तेही कळलं नाही, पण ते हसले.

सायप्रस! काय सांगू तुम्हाला. आकाश निळं, समुद्र त्याहून निळा, आणि ऊन कसं, तर आपल्याकडच्या माघातल्यासारखं. निदान कुवेतहून आलेल्याला तरी तसंच वाटतं. सगळा युरोप खुर्च्या टाकून उन्हात लोळत होता. आणि आम्ही? आम्ही पडदे लावून खोलीत. भाऊंचं वेळापत्रक होतं ना. पहाटे अंधारात समुद्र, सूर्य वर आला की खोली, मावळला की पुन्हा समुद्र. "उन्हात फिरायला माणूस वेडा आहे काय?" असं म्हणून त्यांनी पडद्याला कपड्यांचे चिमटे लावले.

त्याआधी, पोचल्या पोचल्याच, बाथरूममधून एक आरोळी आली होती. कुवेतमध्ये उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की गार नळाला उकळतं पाणी येतं. म्हणून आम्ही सगळे मेपासून गिझर बंद ठेवतो आणि त्यातलं साठलेलं पाणी गार म्हणून वापरतो. गरम नळ गार, गार नळ गरम. भाऊंनी तिथे जाऊन सवयीने बटण बंद केलं आणि लाल खुणेचा नळ बिनधास्त सोडून त्याखाली उभे राहिले. पण सायप्रसला गरम नळाचं पाणीच गच्चीवरच्या सोलरवर तापतं, त्याला बटणाशी काय देणंघेणं? "आवशीक खाव!" ही हाक त्या हॉटेलच्या सगळ्या मजल्यांनी ऐकली. खालून मॅनेजर धावत आला.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी माझं हसू गेलं. भाऊंनी घरून छोटी शेगडी आणली होती, भाजणी आणली होती, आणि बंद पडद्याच्या खोलीत वहिनी आम्हा सगळ्यांसाठी थालीपिठं थापत होत्या. त्यात सकाळी नाश्त्याला एका म्हाताऱ्या बाईंचा पाय मुरगळला, तर भाऊ हॉलभर ओरडले, "डोन्ट मूव्ह! माय वाईफ इज सीनियर नर्स!" तेव्हापासून रिसेप्शनवाले कुणाच्याही पोटदुखीला आमच्या खोलीत फोन करत होते. वहिनी जात होत्या, पट्टी बांधत होत्या, परत येऊन थालीपीठ उलटत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दिसेनात. मोबाईल उशीजवळ, शेगडी बंद. भाऊ आधी रिसेप्शनला गेले, मग पोटदुखीवाल्यांकडे, मग आमच्या दारात. चेहरा पांढराफटक.

"कुठे गेली असेल गो?"

माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. मी म्हटलं, "भाऊ, जातील कुठे? कुणाची कोणी नसायचं म्हणून आल्या होत्या. तुम्ही त्यांना अख्खं कुडाळ इथे आणून दिलंत, वर वॉर्डही दिलात."

मोठ्या माणसाला असं बोलले म्हणून मलाच कसंसं झालं. तोवर ते वळले आणि जिन्याने खाली धावले. दुपारचा एक वाजला होता. टोपी नाही, छत्री नाही, हाफ पँटखाली काळे बूट आणि मोजे. मी त्यांची टोपी घेऊन मागून पळाले. इतक्या वर्षांत भाऊ भर दुपारी उन्हात, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

किनाऱ्यावर, गर्दीपासून जरा लांब, एका खुर्चीवर वहिनी होत्या. पाय वाळूत रुतवलेले, केस मोकळे, डोळे मिटलेले. समोर निळं पाणी. भाऊ धापा टाकत तिथवर गेले, "अगो" म्हणायला तोंडही उघडलं, आणि तसेच थांबले. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

तेवढ्यात खुर्च्या सांभाळणारी मुलगी आली. तिने वहिनींकडे बोट करून भाऊंना विचारलं, तुम्ही ह्यांच्याबरोबर आहात का?

"नो, नो," भाऊ म्हणाले. "आय डोन्ट नो धिस लेडी."

वहिनींनी एक डोळा उघडला.

मुलगी निघून गेली. भाऊ दोन पावलं पुढे झाले, घामेजलेल्या कपाळावरचे केस सारखे केले आणि फार अदबीने म्हणाले, "माफ करा बाई. ही शेजारची खुर्ची कुणाची आहे काय?"

वहिनींनी त्यांना बुटांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बसा. पण बडबड चालायची नाही."

"बरं," भाऊ म्हणाले आणि बसले. मी तिथूनच परत फिरले. थोडं पुढे जाऊन मागे बघितलं, तर नेरूरकर भाऊ बूट काढून, हात मांडीवर ठेवून, त्या अनोळखी बाईशेजारी गप्प बसले होते.